पाण्याची टाकी ते मारुतीचं देऊळ

"सिद्राम, पाणी किती वाजता रे?" एवढंच विचारायचं असतं हो. पण सिद्राम हातातली पुरुषभर उंचीची लोखंडी चावी भिंतीला टेकवणार, माझ्या डोळ्यांत बघणार आणि म्हणणार, "म्हंजे बाई, तुमचं म्हणणं असं हाय की, पाणी कदी येणार ते कळंना म्हणून जिवाला घोर लागलाय. मी बरोबर ऐकलं का?" बरोबर ऐकलंस रे बाबा, पण पाणी? "हे बोलून तुमाला कसं वाटतंय?" अशा वेळी मला जे वाटतं ते शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला तोंडातून काढता येत नाही.

सिद्राम आमच्या भागातला चावीवाला, रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कुठल्या गल्लीत आधी जायचं ते या चावीवर ठरतं. देवाला शिव्या न दिलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत, चावीवाल्याला न दिलेलं एकही नाही. पूर्वी तोही सव्याज परत करायचा. हे ऐकून घेण्याचं खूळ गेल्या वर्षीचं.

खूळ कशापायी, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मैंदर्गीला त्याचा थोरला भाऊ राहतो, मलप्पा. सात वर्षं दोघांत बोलणं नाही. आई गेली तो नेमका पाण्याचा दिवस. फोन वाजला तेव्हा सिद्राम खड्ड्यात उतरलेला, आणि फोन वर सायकलला अडकवलेल्या सदऱ्यात. कळल्यावरही एक चावी बंद करून दुसरी सोडल्याशिवाय निघेना, नाहीतर अर्धी गल्ली आणखी पाच दिवस कोरडी. पोचला तोवर माती उरकली होती. "माज्यासाठी थांबला न्हाईस?" म्हणून हा ओरडला. मलप्पा चारचौघांत म्हणाला, "जा, तुजी आई तितं नळावर हाय." झालं. तुटलं ते तुटलंच. त्या भावाशी पुन्हा बोलायचं कसं, एवढंच सिद्रामला शिकायचं होतं.

तर युनियनच्या ग्रुपवर कुणीतरी थट्टेनं टाकलेली एक लिंक घेऊन हा माझ्या दारात. लढाया-दंगलींच्या मुलखात काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स, इंजिनियर मंडळींना भांडणं मिटवायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग. परदेशातला, फुकट.

"अरे, हे लढाईच्या भागात नोकरी करणाऱ्यांसाठी आहे."

"मग मी कुटं करतोय, बाई?"

अर्ज भरायला बसलो. संघर्षग्रस्त भागाचं नाव? "पाण्याची टाकी ते मारुतीचं देऊळ." परस्परविरोधी गट किती? "दोन. एक कळशीवाल्यांचा, एक मोटार लावून पाणी खेचणाऱ्यांचा." हत्यारं? "कळशी. अन् तोंड." मी वैतागून जसंच्या तसं इंग्रजीत ठोकून दिलं. म्हटलं, नाकारतील आपोआप. मेल्यांनी आठ दिवसांत प्रवेश दिला!

दर मंगळवारी संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्ग. सिद्राम डोक्याला तेल चोपडून, इस्त्रीचा सदरा घालून यायचा, आणि मी दुभाषी. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्यावर एक डॉक्टर, त्यांच्या दवाखान्याला छप्पर उरलेलं नाही. एक नर्स, तंबूंच्या छावणीतली. आणि आमचा सिद्राम सांगतोय, मारुतीच्या देवळापाशी कुणी कुणाची कळशी ढकलली. मी मान खाली घालून भाषांतर केलं. तर ती नर्स म्हणाली, आमच्याही छावणीत भांडण टँकरपाशीच सुरू होतं. त्या दिवसापासून मी त्याला हसले नाही. म्हणजे, कमी हसले.

शिकलेलं लगेच वापरायची त्याला भारी घाई. समोरच्या शेखचाची आणि शेजारची लक्ष्मी नळावर जुंपल्या, तर हा मध्ये जाऊन उभा. म्हणे, आधी एकमेकींचं म्हणणं सांगा, मग आपलं. चाची लगेच ओरडली, "इसका म्हनना ये है, मैं पानी की चोट्टी!" लक्ष्मी म्हणाली, "यांचं म्हणणं, माझ्या तोंडात किडे पडो!" दोघींनी इतक्या हौसेनं एकमेकींच्या शिव्यांची उजळणी केली की पाणी गेलं तरी कळलं नाही. मग दोघी मिळून सिद्रामवर तुटून पडल्या. "मिटलं की न्हाय?" तो मला विजयानं म्हणाला.

शेवटच्या मंगळवारचा अभ्यास वेगळा होता. ज्याच्याशी तुमचं भांडण, त्याच्या जागी बसा आणि 'मी' म्हणून त्या दिवसाची हकिगत सांगा. सिद्राम उठून शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. मग बोलायला लागला.

"मी मलप्पा. सकाळी आई गेली. शिदूला फोन लावला, उचलला न्हाय. परत लावला. लोक म्हणाले, ऊन चढतंय, उचला आता. मी म्हणलो, थांबा, शिदू येतोय. रस्त्यापातूर जाऊन बगून आलो. परत म्हणलो, थांबा. मग लोक माज्याकडं बगंनात. शिवटी मीच म्हणलो, उचला. माज्या शेजारी तुजा खांदा पायजे हुता रं शिदू. तितं परका माणूस हुता."

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाय. असंच झालं असंल की." मग पडद्याकडे बोट करून म्हणाला, "सांगा की बाई, त्यास्नी." मी तोंड उघडलं, आणि मला इंग्रजीतला एकही शब्द सुचेना. रडले, चक्क त्या परक्या लोकांसमोर रडले.

दुसरा दिवस पाण्याचा. नोकरीत पहिल्यांदा सिद्रामनं पाण्याच्या दिवशी रजा टाकली आणि मैंदर्गीची गाडी धरली. बदली माणसाला कुठली चावी आधी ते उमजेना, आमच्या गल्लीत थेंब आला नाही. बायका सिद्रामच्या नावानं बोटं मोडत होत्या. मी रिकाम्या पिंपाशी बसून होते, आणि मला जरासुद्धा राग येत नव्हता.

संध्याकाळी आला तो माझ्या पायरीवरच बसला. मी पाणी दिलं, ते तसंच हातात.

"बोलला का मलप्पा?"

"अण्णाच्या अंगावरनं वारं गेलंय, बाई. दोन म्हैने झाले. उजवा हात गेला, पाय गेला, जीभबी गेली. मला कोण कळवणार?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. सात वर्षं, आणि दोन महिन्यांचा उशीर. "म्हणजे बोलणं झालंच नाही रे?"

"झालं की. मला बगितलं अन् जो बोलाय लागला, तासभर थांबला न्हाय. नुसता आवाज. मला एक अक्षर कळलं न्हाय. वैनी म्हणली, शिव्या देत असतील."

"आणि तू?"

"मी हात धरून बसलो. सगळ्याला व्हय म्हणलो."