नेव्हिल टकर यांणी ट्रेलरची वाट बांधिली त्याची हकीकत

समुद्रवलयांकित न्यूझीलंड मुलखी, तैरुआ बंदरी, टेकडीवरील गल्लीत जे अद्भुत वर्तले त्यास कोणी पदरचा मीठमसाला लावू नये, म्हणोन ही हकीकत साद्यंत लिहिली असे. वाचणारांनी सावरोन बसावे.

नेव्हिल टकर साहेब म्हणजे होडीचे खावंद, स्नॅपर मासळीचे कर्दनकाळ. मोटारीमागे होडीचा ट्रेलर जोडोन पुढे जाण्यात तर वाघ. परंतु रिव्हर्स म्हणताच साहेबांची त्रेधा उडे. चाक डावीकडे फिरवावे तो ट्रेलर भलतीकडे धावे. त्यात घरची वाट अरुंद, चढण उभी, आणि माथ्यावर ऐसा उंचवटा की ट्रेलरचा दांडा भुईस घासोन ठिणग्या उडत. आणि त्या मुलखीचा रिवाज ऐसा की, कोणी ट्रेलर मागे घेऊ लागला की शेजाऱ्यांनी बीअर घेऊन तमाशास जमावे, आणि हाकणाराने मदत मागणे ही थोर नामुष्की. मेहुणे रॉडनी सर्वांत पुढे.

“डावीकडे रे नेव! अरे, तुझं डावं! होडी आहे की बैल?”

मग एके रविवारी ट्रेलर शेजारीण आंटी हुइआ यांच्या टपालपेटीवर चालोन गेला आणि पेटी धारातीर्थी पडली. तेव्हा साहेबांचे कुटुंब ग्लेनिसबाई यांणी हुकूम फर्माविला की, आणखी एक पेटी पडलियास होडी रॉडनीचे हवाली होईल. होडी गेली तर पहाटेचा समुद्र गेला, मग जगणे ते काय, ऐसे म्हणोन साहेब उपाशी निजले.

मग मसलत केली की, वाट ऐसी बांधावी की मागे येणेच नको. अंगणातील लिंबोणीभोवती ऐसपैस फेरा घालावा; ट्रेलर तोंडाने शिरावा आणि फिरोन तोंडानेच बाहेर पडावा. खरे कारण गुप्त राखिले. गल्लीस सांगितले की, लिंबोणीची मुळे वाचविणे आहे.

मग शनिवारी गल्लीची फौज फावडी घेऊन दाखल जाहली, कारण तेथे एकाचे काम ते सर्वांचे, आणि यजमानाने पावात सॉसेज घालोन रसद पुरवावी हा शिरस्ता. आंटी हुइआ खुद्द जेसीबीवर आरूढ जाहल्या आणि उंचवटा छाटोन चढण सौम्य केली, आणि खडी दाबिली, आणि लोखंडी जाळी अंथरोन काँक्रीट ओतिले, आणि ते ओले असता झाडू ओढोन चरे पाडिले की पावसात चाक घसरू नये, आणि चाक कडेवरोन उतरू नये म्हणोन बांध घातला.

रॉडनी सॉसेज चावीत म्हणाले, “मुळांसाठी एवढा फेरा? विमान उतरवणार आहेस का?”

“झाड वाढतं रे,” ऐसे साहेब वदले, परंतु कान लाल जाहले.

काँक्रीट पक्के होताच खाशी स्वारी निघाली. गल्ली घडीच्या खुर्च्या मांडोन बसलेली. ट्रेलर चढण चढला, दांडा घासला नाही, लिंबोणीस डौलात वळसा पडला आणि मोटार तोंडानेच रस्त्यास लागली! ग्लेनिसबाई टुणकन उडाल्या. साहेबांनी हर्षे भोंगा वाजवीत आणखी फेरा घेतला, मग आणखी एक, आणि थांबेनातच.

“आता रविवारी आम्ही बघायचं काय?” आंटी हुइआ यांणी फिर्याद केली.

सांजेस रॉडनी एकलेच फाटकाशी आले. मोटारीमागे त्यांचा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरील ओढावयाचे घर, जोडिलेला.

“नेव, अंगण मोकळंय का? जरा वळवून घेतो.”

“तू? तुला कशाला रे?”

“माझा कॅराव्हॅन बारा महिने रस्त्यावर का असतो, असं वाटतं तुला?”

इतक्या वर्षांची चेष्टा, आणि हा स्वतः असा! मग साहेबांस ऐसे हसू फुटले की फाटकास धरोन खाली बसले, आणि रॉडनीही हसू लागले.

“ये लेका, ये,” साहेब डोळे पुशीत म्हणाले.

रॉडनी वळले तो त्यांचे मागे आंटी हुइआ यांचा ट्रेलर, त्यामागे आणखी होड्या, ऐसी रांग टेकडीखालपर्यंत लागली. रिव्हर्सची विद्या अवघ्या गल्लीत कोणासही अवगत नव्हती, हे त्या सांजेस सर्वांस कळले. येणेप्रमाणे फत्ते जाहली. होडी साहेबांकडेच कायम असे.