हॅगर्टी क्रॉसिंगच्या शेवटल्या बाटलीची मोहीम

जे घडले ते जैसे घडले तैसे, पदरचे न घालता आणि कोणाची भीड न धरता, पुढे कोणी पुसले तर सांगता यावे म्हणोन येथे लिहून ठेविले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर मुलुखात, जेथे माती तांबडी आणि झाड दुर्मिळ, तेथे हॅगर्टी क्रॉसिंग म्हणोन ठाणे. वस्ती थोडकी, पब एक, टपाल कचेरी एक, आणि नदी म्हणावी तर वाळूचा पट्टा, जीतून लोक मोटारी हाकीत. त्या साली उन्हाळ्यात वरल्या मुलुखात आभाळ फाटले आणि ती नदी इतक्या वर्षांची अनुपस्थिती एकदम भरून काढावी तैशी आली आणि रस्ता गिळून बसली. मग मालाचा ट्रक दक्षिणतीरी अडकला आणि सरकारने हेलिकॉप्टरने रसद धाडिली. तीत पीठ आले, औषधे आली, कुत्र्यांचे खाणेही आले. परंतु बिअर हा जरुरीचा जिन्नस नव्हे ऐसा वरून निर्णय जाहला. निर्णय करणाराचे नाव ठाण्यात कोणास कळले नाही, हे त्याचे नशीब.

अशात एके शुक्रवारी भर दुपारी पबाच्या नळाने उसासा टाकिला, फेस ओकिला आणि प्राण सोडिला. पबाचे धनी कॉलिन पेनहॉल, देह दांडगा, जिव्हा तिखट, तोंडदेखली स्तुती जन्मात न केलेले पुरुष. त्यांणी नळावर फडके घातले आणि सर्व रयतेने टोप्या काढिल्या.

ही वार्ता कानी येताच ज्यांच्या अंगी वीररस संचारला ते राजमान्य राजश्री वर्न क्लाइनिग, कॉलिन यांच्या भगिनीचे भ्रतार. वर्न यांणी उभी हयात रस्ते सपाट करणारा ग्रेडर हाकिला. मग निवृत्तीचा दिवस आला आणि सरकारने हात मिळवून ग्रेडर परत घेतला. घर त्या भगिनी ग्लेनिसबाईसाहेबांच्या अमलाखाली, अंगण त्यांच्या कोंबड्यांच्या, तेव्हा वर्न यांच्या हुकमतीखाली मुलूख उरला तो धुण्याच्या खोलीतला एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात बिअर आंबविण्याचे पांढरे प्लास्टिकचे पिंप. आजवरच्या मोहिमा यशस्वी जाहल्या ऐसे म्हणवत नाही. एका ख्रिसमसला बाटल्या आपसांत लढून फुटल्या आणि काचा मेरिंगच्या केकात निघाल्या. मागल्या खेपेस कॉलिन यांणी एकच घोट घेतला आणि पुसले, "वर्न, हे मला द्यायच्या आधी कुणाच्या अंगावरून ओतलं होतंस?"

पबाचा नळ पडला त्याच सांजेस बाईसाहेबांचा हुकूम सुटला.

"ते पिंप उद्या माझ्या धुण्याच्या खोलीतून जाणार. तिथे मला फ्रीझर ठेवायचाय."

"अगं, गावात थेंब नाही! आजच तर त्याची गरज आहे."

"तहानलेला माणूस रेडिएटरमधलं पाणीसुद्धा पिईल. तो काही बिअर चांगली असल्याचा पुरावा नाही."

"मग पुरावा कशाला म्हणायचं?"

बाईसाहेबांणी वाटाणे सोलता सोलता मसलत केली आणि तहाचे कलम सांगितले. "कॉलिननं आपणहून दुसरा ग्लास मागितला तर राहू दे तुझं पिंप. आणि यातलं एक अक्षर त्याला कळता कामा नये. कळलं, तर पिंप मी स्वतः कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकीन."

वर्न यांणी तह कबूल केला, कारण नाकबूल करण्याची तजवीज नव्हती.

मग सरंजामाची जमवाजमव जाहली. शेल्फाच्या पाठीमागे माल्टच्या, म्हणजे मोडाच्या जवाच्या, कडू अर्काचा एक डबा सापडला, पोचे पडलेला, मुदत सरलेला. साखर घरात मुबलक, परंतु ती बाईसाहेबांच्या क्वान्डाँग नामे रानफळाच्या मुरंब्याकरिता राखीव, आणि त्या कोठीवर हात घालण्याची छाती ठाण्यात कोणास नव्हती. म्हणोन काकवीसारख्या सोनेरी पाकाचे दोन डबे रुजू केले. पाणी मुबलक. मग अर्क उकळला, पाक मिसळला, पिंप भरले आणि डब्याच्या झाकणाखाली जी यीस्टची पुडी होती ती मोठ्या आशेने वर भुरभुरली. झाकणात पाण्याची वाकडी नळी असते. यीस्ट जिवंत होऊन साखर खाऊ लागले म्हणजे नळीतून बुडबुडे निघतात, तीच या फौजेची नौबत. वर्न खुर्ची घेऊन पिंपासमोर बसले. नौबत वाजली नाही. दुसरे दिवशीही वाजली नाही. डब्यासंगे पुडीही म्हातारी होऊन केव्हाच वारली होती. पावाचे यीस्ट उसने मागावे, तर पूर आल्यापासून ठाण्यात घरोघर पाव भाजीत होते आणि यीस्ट पहिल्याच पंधरवड्यात संपले होते.

तेव्हा वर्न यांस एक युक्ती सुचली, जी त्या देशाबाहेरील माणसास सुचती ना. तेथे न्याहारीस पावावर एक काळे, खारट चाटण फासतात. लेकरास दात येण्याआधी ते तोंडी लागते. ते बिअरच्या कारखान्यातील उरल्या यीस्टपासून होते हे तेथे सर्वांस ठाऊक. परंतु ते यीस्ट आधी पुरते ठार करूनच चाटण होते, हे कोणी ध्यानी घेत नाही. वर्न यांणी दोन भरगच्च चमचे पिंपात ढवळले आणि विजयाची वाट पाहात बसले.

टपाल कचेरीच्या डॉट ओकली नामे बाई कोंबड्यांची अंडी मागावयास आल्या, त्यांणी झाकण उचलोन नाक आत घातले.

"काय घातलंस यात?"

वर्न यांणी सांगितले.

"म्हणजे तू स्मशानातनं फौज भरती केलीस," डॉट म्हणाल्या. "वास मात्र छान आहे. टोस्ट आण, लोणी आण, बसू."

वर्न त्या दिवशी जेवले नाहीत. बाईसाहेबांणी फ्रीझरची जागा टेपने मोजली आणि टेप पिंपाच्या गळ्यावरून नेली, हे त्यांणी पाहिले आणि सोसले.

दुसरे दिवशी दाढी करिताना त्यांस आठवण जाहली. त्या प्रांतीची जी गढूळ बिअर, तिच्या बाटलीच्या तळी गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे जिवंत यीस्टच होय. ऐसी बाटली ठाण्यात एकच शिल्लक, आणि ती कॉलिन यांच्या खासगी फ्रिजात. रस्ता उघडेल त्या दिवशी फोडावी म्हणोन त्यांणी ती राखिली होती आणि रयत रोज येऊन काचेआडून तिचे दर्शन घेत असे. वर्न अर्धी दाढी तशीच ठेवोन पबाकडे निघाले.

"गाळ?" कॉलिन म्हणाले. "माझ्या शेवटच्या बाटलीचा गाळ हवाय तुला?"

"बिअर तू पी. मला तळचं बोटभर दे. तेवढ्यावर सगळं पिंप चालू होईल."

"आणि मला काय मिळेल?"

"तयार झाली की तुझ्याच पबात पाजू. सगळ्या गावाला. फुकट."

"पबवाल्यासमोर असले शब्द काढू नयेत, लेका." कॉलिन यांणी रिकाम्या खुर्च्यांकडे एकवार पाहिले. "बरं. निदान खुर्च्या तरी भरतील. आणि तू उरलेली दाढी कर."

तह ठरला आणि शनिवारची दुपार मुक्रर जाहली. सारे ठाणे पबात लोटले. कॉलिन यांणी बाटली दोन्ही हातांनी आणिली, तिजवर दव जमले होते, ते पाहोन एका गृहस्थाने तोंड फिरविले. वर्न काउंटरच्या टोकास पाठमोरे होऊन किटलीतील उकळत्या पाण्याने बरणी विसळीत होते, कारण मळक्या बरणीत फौज मरते. आणि नेमके तेवढ्यात घात जाहला. त्या प्रांती बाटली फोडण्यापूर्वी ती आडवी धरोन तळहाताखाली काउंटरवर मागे-पुढे लोळविण्याचा रिवाज, येणेकरून गाळ उठावा आणि ग्लासात समान उतरावा. बाप करितो, मुलगी करिते, पाद्रीही करितो. कॉलिन यांणी बाटली आडवी केली, लोळविली, टोपण उडविले आणि ग्लास काठोकाठ भरिला. सारी रयत टक लावून पाहात होती, परंतु एकासही त्यात वावगे दिसले नाही, कारण तेही तसेच करिते.

वर्न वळले. ग्लास ढगासारखा गढूळ आणि कॉलिन यांच्या ओठांशी.

"थांब!"

कॉलिन थांबले. ग्लासाकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे पाहिले. "हे हातानं केलं," ते म्हणाले. "मी नाही केलं."

मग तेथेच खलबत जाहले. डॉट यांणी मसलत दिली की सर्व बिअर झाकोन ठेवावी, गाळ परत तळी बसेल, मग कॉलिन यांणी उद्या वरची प्यावी. कॉलिन यांस ते अपमानकारक वाटले. "फेस मेलेली बिअर? डॉट, मी तहानलेला आहे, बेघर झालेलो नाही." मग त्यांणी वाटणीचा डाव टाकिला. "बाटलीत उरलंय ते तू घे, वर्न. ग्लास माझा."

वर्न यांस कळून चुकले की फौज आधीच मूठभर, तीत अर्धी कापली तर पिंपाचा किल्ला सर होणार नाही; आंबण्याआधी नासेल, आणि दुसरा डबा नाही, दुसरी बाटली नाही. कोपरा जातो, हे ते सांगू शकत नव्हते. तोंडास कुलूप बाईसाहेबांचे, आणि बाईसाहेब खुद्द दारापाशी हाताची घडी घालून उभ्या. वर्न यांणी बरणी पुढे सरकविली.

"कॉलिन," ते म्हणाले, "मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही."

"खोटं. माझी बहीण मागितलीस."

"ती तू दिली नव्हतीस. ती आपली आपण आली."

"तेही खरंच," कॉलिन म्हणाले.

कॉलिन यांणी ग्लास नाकाशी नेला, एकवार दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटोन सगळा ग्लास बरणीत ओतिला, मग बाटलीही उपडी केली आणि शेवटला थेंब पडेतो तिला धरोन राहिले. मागल्या बाकावरून कोणी हुंदका दिला. कॉलिन गरजले, "आता घरी जा सगळे! पब बंद!" त्या पबाने पुरातही दार मिटले नव्हते.

मग वर्न यांणी बरणीत चमचाभर पाक घालून फौजेस दाणापाणी दिले, वर कापड बांधिले आणि पिंपातले मिश्रण पुन्हा उकळून, भांडी न्हाणीच्या टबात ओल्या टॉवेलांत गुंडाळून, थंड केले. बरणीत फेस आला, तो त्यांणी शेजाऱ्यांस बोलावून दाखविला. मग फौज पिंपात सोडिली. बाईसाहेब चादरी मशीनमध्ये घालीत असता नळीने आवाज केला.

"वर्न," त्यांणी हाक मारिली, "तुझं पिंप ढेकर देतंय."

वर्न पायी चपला नसता धावत आले आणि मशीनला टेकून ऐकत राहिले. पुढे नौबत थांबली, गाळ तळी बसला, आणि बिअर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरिली, कारण काचेच्या बाटल्यांशी त्यांचे जुने वैर. मग आणखी थांबले. नदी हळूहळू उतरत होती आणि वर्न यांस प्रथमच ती उतरू नये ऐसे वाटले.

निवाड्याचा रविवार उगवला. पब भरला. कॉलिन यांस पहिला ग्लास दिला. रंग दाट तपकिरी, फेस बरा. ते प्याले, ओठ पुसले आणि पुन्हा प्याले. अर्धा जाहला. बोलले नाहीत. ग्लास रिकामा करून खाली ठेविला आणि तोंड उघडले, इतक्यात नदीपलीकडून ट्रकाचा भोंगा वाजला, लांब आणि तीन वेळा.

मग जे जाहले त्यास धावपळ म्हणणे कमी. रयतेने वर्न यांचे ग्लास जागच्या जागी ठेविले आणि सारी ट्रकाच्या वाटेस लागली, कॉलिन सर्वांपुढे. ट्रक उताराने अलीकडे आला, त्यातली पिंपे उतरली, तळघरात गेली, नळास जोडिली, नळ खाकरला आणि थंडगार सोनेरी बिअर वाहू लागली. लोकांणी एकमेकांस मिठ्या मारिल्या. वर्न खिडकीपाशी आपल्या बाटल्यांच्या क्रेटशेजारी बसोन होते, आणि ग्लेनिसबाईसाहेब त्यांच्या शेजारी येऊन बसल्या व क्रेटातील न उघडलेल्या बाटल्या मोजू लागल्या.

सर्वांस पाजून जाहल्यावर कॉलिन मोकळा ग्लास घेऊन काउंटरबाहेर आले. नळ पाठीमागे वाहता. त्यांणी ग्लास वर्न यांच्यापुढे धरिला.

"भर."

"यातलं?"

"मग काय नदीतलं? माझी बाटली आहे त्यात. सगळी वसूल केल्याशिवाय मी हलत नाही."

वर्न यांणी बाईसाहेबांकडे पाहिले. हे मागणे प्रीतीचे नव्हे, वसुलीचे. कलमात बसते की नाही हा मोठा पेच.

बाईसाहेबांणी न्याय दिला. "आपणहून मागितलाय ना? कशासाठी, ते ठरलं नव्हतं. भर त्याला."

"काय ठरलं होतं?" कॉलिन म्हणाले.

"तू पी," बाईसाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे हॅगर्टी क्रॉसिंगची मोहीम फत्ते जाहली. धुण्याच्या खोलीतला कोपरा राजश्री वर्न क्लाइनिग यांजकडे कायम जाहला, फ्रीझर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गेला, आणि कॉलिन पेनहॉल यांणी वसुली पूर्ण होईतो चार ग्लास रिते केले. बिअरच्या चवीविषयी मात्र साक्षी जुळल्या नाहीत, सबब ते कलम कोरे ठेविले आहे.