तावडेकाकांचं ‘खरंच काही’

दवाखान्याचं शटर वर गेलं की तावडेकाका आजारी पडायचे. दिवसभर माणूस ठणठणीत. आमच्या घाटकोपरच्या इमारतीत गच्चीवरची टाकी साफ करायला पहिले तेच चढत. पण संध्याकाळी समोर डॉक्टर गोऱ्यांचं शटर करकरलं, की इस्त्रीचा शर्ट घालून, तोंड पाडून निघाले.

रोगही ऐकण्यासारखे. “डॉक्टर, डावा कान मराठी ऐकतो, हिंदी ऐकत नाय.” एकदा तर, “आज काहीच दुखत नाय, म्हणून घाबरलो.” गोरे मनगट धरून नाडी बघत आणि गुलाबी औषध देत. काका ते मोरीत ओतून बाटली धुऊन परत नेत.

नंबर आला की म्हणत, “तुम्ही व्हा पुढे, माझं जुनं आहे.” आणि बसल्या बसल्या इतरांवर डाफरत, “एवढा ताप अंगावर काढलास? डॉक्टर काय शोभेला ठेवलाय, मेल्या?”

विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगा मस्कतला. दर दिवाळीला तो स्वतःऐवजी एखादं यंत्र पाठवी. घरात तीन टेपरेकॉर्डर होते आणि बोलायला कोणी नव्हतं.

एका पावसाळ्यात तापाची साथ आली. दवाखान्यात उभं राहायला जागा नाही, एका बाईच्या कडेवर फणफणलेलं तान्हं पोर, आणि काका आत सांगतायत, “डॉक्टर, जांभई अर्धीच येते.” गोरे भडकले. सगळ्यांदेखत ओरडले, “तावडे, खरंच काही झालं तरच येत जा!”

लोक हसले. काकाही हसले. दुसऱ्या दिवशीपासून गेले नाहीत.

मग जिन्यात जो भेटेल त्याला विचारू लागले, “काय रे, खोकला म्हणजे ‘खरंच काही’ का?” आम्हाला करमणूक झाली. पोरंसुद्धा त्यांना बघून खोटं खोकायची.

गौरी-गणपतीत बायकोने मला त्यांच्याकडे मोदक घेऊन पाठवलं. दार उघडंच होतं. काका बनियनवर खुर्चीत बसलेले, घामाने निथळत, चेहरा राखेसारखा.

“काका, काय होतंय?”

“काय नाय रे. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. हात जड झालाय. सकाळपासून बघतोय.”

“अहो, मग डॉक्टरांना बोलवायचं ना!”

“उगाच ओरडतील. जरा आणखी वाढू दे. मग सांगू.”

मी धावत गेलो. गोरे जेवत होते, तसेच उष्ट्या हाताने उठले. आल्याबरोबर त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“तावडे, सकाळीच का नाही आलात?”

काका ओशाळले. “डॉक्टर, हे ‘खरंच काही’त धरायचं काय?”

गोरे मला म्हणाले, “टॅक्सी आण.” सुई काढायला त्यांनी मनगट सोडलं, तेव्हा काका पुटपुटले, “जरा धरा ना परत. त्याच्यासाठीच येत होतो. ती गेल्यापासून कोण हात लावतंय?”

टॅक्सीत गोरे त्यांच्या शेजारी बसले, मी पुढे. मिरवणुकीमुळे रस्ता तुंबलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ढोलात कोणाला ऐकू येत नव्हता. मी मागे वळून पाहिलं. काकांची मान डॉक्टरांच्या खांद्यावर पडली होती.

नाडी कधी थांबली ते गोऱ्यांना कळलंच असणार. हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.