विदर्ली लॉकचा कठडा

होड्या पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवण्या-उतरवण्यासाठी नदीत बांधलेल्या विदर्ली लॉकच्या दारावर दोनशे अकरा वर्षं कठडा नव्हता, आणि टॅमसिनची मुलगी नेल दोन वर्षांची होईपर्यंत त्यावाचून कोणाचंही अडलं नव्हतं.

टॅमसिनचं बिऱ्हाड लॉकशेजारी बांधलेल्या लांबट होडीत. पिण्याच्या पाण्याचा नळ पलीकडच्या काठावर. मध्ये लॉकचं लाकडी दार आणि त्यावर वीतभर रुंदीची फळी. फळीच्या एका अंगाला तुडुंब नदी, दुसऱ्या अंगाला बारा फूट खोल दगडी हौद. नेलला नुकतंच धावता येऊ लागलं होतं. थांबणं अजून शिकायचं होतं. टॅमसिनने दारावर कठडा मिळावा म्हणून चार पानी अर्ज केला.

हा जुना लॉक जपणाऱ्या वारसा समितीचे अध्यक्ष पेव्हरेल यांनी तो चहाबरोबर वाचला.

"बाई, कठडा ऐतिहासिक नाही."

"पण माझी मुलगी..."

"तीही नाही." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "हे बघा, समिती काही निर्दय नाही. पूर्वी इथे पोरं कशी सांभाळत, त्याचा पुरावा आणा."

पुरावा शेजारच्याच होडीत निघाला. म्हाताऱ्या ग्वेनचा जन्म कोळसा वाहणाऱ्या होडीतला.

"अगं, कसला कठडा नि कसलं काय! आई मला धुराड्याला बांधून ठेवायची, शेळीसारखी. म्हणून तर आज तुझं डोकं खायला शिल्लक आहे!"

पूर्वीही धोका होता हे सिद्ध करण्यासाठी टॅमसिनने ही हकिगत अर्जाला जोडली. शिकलेल्या माणसाचा जोडपत्रांवर फार विश्वास. समितीने पुरावा एकमताने ग्राह्य धरला आणि दोरी मंजूर केली.

अस्सल अंबाडीची, नऊ फूट. सोबत अटी: नेलचं नारिंगी तरंगजाकीट कालविसंगत असल्याने बंद, बांधण्याची वेळ दहा ते चार, कसूर झाल्यास होडीचा परवाना रद्द.

"पोरीला बांधून ठेवू? माणसं आहात की कोण?"

"दोरी मोफत आहे," पेव्हरेल समजुतीने म्हणाले.

काही नसण्यापेक्षा दोरी बरी, असं मनाशी म्हणत टॅमसिनने नेलला होडीच्या धुराड्याला बांधून गाठ मारली. तपासली. पुन्हा तपासली.

पहिल्या रविवारी बांधलेलं मूल बघायला तीस माणसं आली, चौथ्या रविवारी सहाशे. त्या गर्दीत फोटोसाठी मागे सरकताना एका गृहस्थांचा डावा बूट भिजला. समितीची तातडीची बैठक बसली. बुधवारपर्यंत कठडा उभा!

टॅमसिन धावतच बाहेर आली. ओकच्या लाकडाचा, गुळगुळीत, कंबरेएवढा कठडा प्रेक्षकांच्या काठाने सरळ गेला होता आणि दारापाशी येऊन थांबला होता.

"आणि दारावर?"

"दारावर प्रेक्षक जात नाहीत," पेव्हरेल म्हणाले. "शिवाय तिथे कठडा आला तर मूल नीट दिसणार नाही."

गेल्या रविवारी नेल गाठ सोडायला शिकली. टॅमसिन नळावर होती. तिने पाण्याचा कॅन टाकला आणि समोरून येणाऱ्या पोरीकडे फळीवरून धाव घेतली. बरोबर मधोमध नेलचा फ्रॉक तिच्या मुठीत आला. पोरीला छातीशी धरून ती तिथेच मटकन बसली. काठावर टाळ्या पडल्या.

तुम्हीही होतात की त्या गर्दीत. दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून, आइस्क्रीम खात शेजारच्याला म्हणालात, "कसली हो ही आई! जरा लक्ष नको ठेवायला?"