पापडाचा डबा आणि गरुडमानव

पेण-रोहा रस्त्यावर, खांब गावच्या वळणावर एक खिळा पडला होता.

गरुडमानवाच्या पाठीवर लांबलचक लाल कापड होतं. ते कोण धुतं, हे पिक्चरमध्ये कुठंच दाखवलेलं नाही.

पोह्याचा पापड एका बाजूने वाळला की उलटावा लागतो. वेळेत उलटला नाही तर रुसल्यासारखा वळतो.

रोह्यात लाईट जायची वेळ ठरलेली नव्हती. यायची तर मुळीच नव्हती.

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात गोविंदाच्या खानावळीत पाटी होती : जुना डबा संपल्याशिवाय नवा उघडला जाणार नाही. ती नेमकी कुणासाठी लावली, हे गोविंदालाही आठवत नव्हतं.

मृणालीच्या पिशवीची चेन बंद होती.

या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं प्रविणला त्या रविवारी सकाळपर्यंत वाटत होतं.

पहिलं रीळ

मृणाली, म्हणजे प्रविणची बायको, रुसून पेणला माहेरी गेली होती. कारण साधं होतं. लग्न झाल्यापासून प्रविणने तिला कुठंही नेलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा त्याच्या केमिकल कंपनीच्या गेटपर्यंत नेलं होतं, सायरन ऐकवायला. बाकी फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट शिफ्ट, आणि उरलेल्या वेळात घोरणं.

शेवटी त्याने रोह्याच्या एसटीडी बूथवरून पेणला शेजाऱ्यांकडे फोन लावला. मृणाली आली आणि तिने ‘हॅलो’च्या आधीच अट सांगितली.

“एक दिवस. गाणी, बाहेरचं जेवन आणि पिक्चर. तिन्ही अख्खं.”

“अख्खं म्हंजे?”

“म्हंजे शेवटपर्यंत. एक जरी अर्धवट राहिलं तर संध्याकालच्या एसटीनं मी परत पेण. पिशवी हातातच ठेवनार हाय.”

गाणी जमण्यासारखी होती, कारण रविवारी अष्टमीच्या मैदानात ऑर्केस्ट्रा होता. जेवण गोविंदाकडे. अडलं पिक्चरवर. ‘गरुडमानव’ हा इंग्रजी पिक्चर हिंदीत बोलायला लागून पेणहून नुकताच रोह्याला आला होता आणि रविवारच्या पहिल्याच शोचं तिकीट मिळत नव्हतं. टॉकीजचे मॅनेजर दिनानाथ यांच्या खिडकीवर प्रविण दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा दिनानाथच त्याला शोधत घरी आले.

“तू रविवारी पेणला जातोस ना बायकोला आनायला? मग पास घे दोन. फुकट. पन माझा एक डबा आन.”

“कसला डबा?”

“पिक्चरचा. सगळं रीळ आलं, शेवटचा डबा तिथल्या टेबलावरच राहिलाय. दुपारच्या शोला पायजे. नायतर गरुड्या लटकलेलाच राहील.”

पिक्चरचं रीळ ज्या डब्यातून येतं, तो गोल, चपटा, पत्र्याचा असतो. आणि इथेच चंद्रावती या कथेत येते. चंद्रावती ही मृणालीची आई. तिचा पोह्याच्या पापडांचा धंदा. पेणच्या टॉकीजमधले जुने, रिकामे डबे ती भंगाराच्या भावात घ्यायची आणि त्यांत पापड भरून गावोगावच्या खानावळींना पाठवायची. “हवा लागत नाय, मुंगी शिरत नाय,” असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. शिवाय ती पापड इतके दाबून भरायची की डबा रिळाइतकाच जड व्हायचा.

रविवारी सकाळी पेणला प्रविणच्या स्कूटरवर, मागच्या स्टेपनीला टेकवून, दोन डबे बांधले गेले. एक टॉकीजमधून आणलेला. दुसरा चंद्रावतीने गोविंदासाठी दिलेला.

“वरचा पापडाचा, खालचा पिक्चरचा,” चंद्रावती म्हणाली. “ध्यानात ऱ्हाईल ना, जावयबापू?”

“आई, कंपनीत मी सगळे व्हॉल्व सांभालतो.”

“तिथं चुकलं तर वास येतो. हितं येनार नाय.”

दुसरं रीळ

वडखळ सुखरूप गेलं. खांबच्या वळणावर तो खिळा वाट बघत होता.

स्टेपनी काढायची तर आधी डबे सोडायला हवेत. प्रविणने वरचा डबा काढून रस्त्याकडेला ठेवला. मग खालचा काढून त्याच्यावर ठेवला. चाक बदललं, घाम पुसला, आणि दोन्ही डबे होते तसे, म्हणजे एकावर एक, उचलून परत बांधले.

झाडाच्या सावलीत पिशवी धरून उभी असलेली मृणाली म्हणाली, “नीट बांधलंत ना?”

“व्हतं तस्सं.”

रोह्यात शिरल्यावर त्याने खालचा डबा टॉकीजमध्ये दिनानाथांच्या हातात दिला. पूल ओलांडून अष्टमीला गेल्यावर वरचा डबा गोविंदाला दिला. गोविंदाने तो न उघडता फळीवर ठेवला. प्रविण निश्चिंत झाला. हा त्याच्या दिवसातला शेवटचा निश्चिंत क्षण.

ऑर्केस्ट्रा सुरू झाला. काळा चष्मा घातलेला हर्षद नावाचा गायक पुढे आला, त्याने एक पाय पुढे टाकला, हात आभाळाकडे नेला आणि पहिल्याच कडव्यात लाईट गेली. हर्षदचं तोंड बराच वेळ हलत राहिलं. आवाज फक्त ढोलकीचा येत होता, कारण ढोलकीला वायर नव्हती.

“अर्धं गानं,” मृणाली म्हणाली.

“सुरुवात तर झकास झाली.”

“तेवढीच झाली.”

लाईट येईपर्यंत करायचं काय, म्हणून ऑर्केस्ट्रावाले ढोलकी, बुलबुल तरंग आणि खुळखुळे घेऊन टॉकीजकडे निघाले. टॉकीजला जनरेटर होता.

प्रविणने मृणालीला गोविंदाकडे नेलं. ताटात सगळं होतं. वरण, भात, वालाचं बिरडं, तळलेली मिरची. डावीकडचा एक कोपरा रिकामा होता.

“पापड?” मृणालीने विचारलं.

“संपले,” गोविंदा म्हणाला.

“अरे, आत्ता तर डबा आनलाय मी!” प्रविण म्हणाला.

“जुन्या डब्यात चुरा शिल्लक हाय. तो संपल्याबिगर नवा उघडत नाय.” त्याने पाटीकडे बोट दाखवलं.

“मग चुरा दे.”

“चुरा कुनी खातं का? काय बोलता, साहेब!”

मृणालीने ताटाचा रिकामा कोपरा नवऱ्याकडे वळवला. “पेणच्या पोरीचं जेवन बिनापापडाचं. हे पन अर्धंच झालं.”

“पिक्चर अख्खा असेल. डबा माझ्या हातानं दिलाय.”

“म्हनूनच विचारते, पाचची एसटी कुठून सुटते?”

इंटरव्हल

पिक्चर रंगला. गरुडमानव गच्च्यांवरून उड्या मारत होता. पुढच्या खुर्च्यांवर ऑर्केस्ट्रावाले वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते.

“आता खिडकी फोडून येईल बघा,” मृणाली म्हणाली. गरुडमानव खिडकी फोडून आला.

“तुला कसं कललं?”

“खिडकी एवढी मोठी दाखवलीय ती काय पडदा लावायला?”

इंटरव्हलचे दिवे लागले तशी मृणाली पिशवी उचलून ताडकन उभी राहिली.

“कुठं निघालीस गो?” प्रविणने पिशवीच धरली.

“काय नाय. सवय,” ती म्हणाली आणि परत बसली. प्रविणने घाईने तिला पुतळीचा वडापाव आणून दिला. पुतळी टॉकीजच्या दारात कढई मांडून बसायची आणि आतल्या टाळ्या ऐकून वडे सोडायची.

शेवटचं रीळ (मिळत नाही, तोवर हे घ्या)

खलनायकाने गरुडमानवाला उंच मनोऱ्यावरून ढकललं. गरुडमानव पडू लागला. खाली शहर मोठं होत गेलं. हजार गाड्या, लाखो माणसं, त्याचे विस्फारलेले डोळे, आणि पडदा पांढरा.

वर प्रोजेक्टरच्या खोलीत ऑपरेटर कान्हू डबा उघडून बघत राहिला होता. मग त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि संपूर्ण टॉकीजला ऐकू जाईल असं ओरडला, “दिनानाथशेठ! ह्यात पापड हायत!”

मग पहिली खुर्ची आपटली.

“पडला का वाचला?”

“पैसे परत!”

“पैसे नकोत, गरुड्या दे!”

दिनानाथ प्रविणची कॉलर धरायला आले, पण प्रविण आधीच बाहेर पळून, “अष्टमीला हाय, गोविंदाकडं!” असं ओरडत स्कूटरला किक मारत होता. जाता जाता त्याने उघड्या दारातून आत पाहिलं. मृणाली पिशवी घेऊन उभी राहिली होती. तो पुलाकडे सुटला तो रडवेला होऊनच.

आत गोंधळ वाढला. दिनानाथ पडद्यापुढे उभे राहून हात जोडू लागले. “शांत ऱ्हावा! डबा येतोय! अष्टमीवरून येतोय!”

“तोवर तो हवेतच का?”

“पुढं काय व्हतं ते तरी सांगा!”

“मला काय ठाऊक! मी गल्ल्यावर बसतो!”

तेवढ्यात मधल्या रांगेतून बाईचा आवाज आला. “मी बघितलाय. पेणला.”

सगळ्या माना वळल्या. मृणाली पिशवीसकट पुढे गेली आणि पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिली. दिव्याच्या झोतात तिची सावली गरुडमानवापेक्षा मोठी दिसत होती.

“तर तो पडतोय,” तिने सुरू केलं. ढोलकीवाल्याने थाप दिली. “आता तुम्ही म्हनाल, उडत का नाय? उडनार कसा? पाठीवरचं लाल कापड कुठाय? तो मनोऱ्यावर चढला तेव्हा व्हतं का?”

लोक विचारात पडले. “नव्हतं वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

“कसं असेल? ते बायकोकडं हाय. बायको गेलीय माहेरी.”

“त्याचं लगीन झालंय?”

“मग! रोज कोन धुतं ते कापड? सगल्या गावाला खांद्यावर घेऊन फिरतो, बायकोला कधी बाजारात तरी नेलं? ती रागावली, कापड पिशवीत भरलं आणि गेली.”

बायकांच्या रांगेतून टाळ्या आल्या. दारातल्या पुतळीने त्या ऐकल्या आणि सवयीने कढईत हात घातला, तर वडे संपलेले. कान्हूने वरून डबा आणून दिला. पापड तळून फुलू लागले आणि रांगांमधून पुढे सरकू लागले.

“खाली बायको उभी,” मृणाली सांगत होती. “वरून तो येतोय. म्हनतो, कापड दे! ही म्हनते, आधी सांगा, फिरायला कधी न्याल? तो म्हनतो, रविवारी. ही म्हनते…”

“कुठल्या रविवारी?” अख्खं टॉकीज ओरडलं.

प्रविण डबा छातीशी धरून धापा टाकत दारात पोचला तो नेमका याच वेळी. सगळं टॉकीज आपल्यालाच विचारतंय असं त्याला वाटलं.

“प्रत्येक!” तो घाबरून ओरडला.

“प्रत्येक!” मृणालीने हात वर केला. “तशी तिनं कापड फेकलं, त्यानं झेललं, आणि दोघं उडाले!”

ढोलकी, बुलबुल तरंग, खुळखुळे सगळं एकदम वाजलं. हर्षदने काळा चष्मा चढवला आणि सकाळचं गाणं पहिल्या कडव्यापासून म्हटलं. शेवटपर्यंत.

“डबा आनलाय!” प्रविण ओरडत होता.

“बस खाली!” लोक म्हणाले.

तरी दिनानाथांनी रीळ लावलंच. पडद्यावर गरुडमानवाने पडता पडता एक बटण दाबलं, पट्ट्यातून छत्री निघाली, तो उतरला, पोलिसांनी खलनायकाला धरलं, संपलं.

“बायको कुठाय?” कुणीतरी विचारलं. मग सगळ्यांनीच.

“शेठ, चुकीचा डबा लावलाय!”

दिनानाथांनी प्रविणला बाजूला घेतलं. “एकदा चुकलास, समजू शकतो. दुसऱ्यांदा पन? लोक काय खुळे हायत का? जाऊ दे. उद्याच्या शोला वहिनींना पाठवशील का?”

बाहेर संध्याकाळ झाली होती. स्टँडवर पेणची एसटी लागलेली दिसत होती. प्रविण स्कूटरजवळ मान खाली घालून उभा राहिला. मृणाली अर्धा पापड खात आली, उरलेला अर्धा तिने त्याच्या हातावर ठेवला आणि पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली.

“चला घरी.”

पुढच्या वळणावर त्याने स्कूटर हळू केली. मग त्याने विचारलंच. “पन खऱ्या रिळात ती बायको कुठं व्हती? मला तर दिसलीच नाय.”

“तुम्हाला कधी दिसते?” मृणाली म्हणाली.

आदल्या बुधवारी पेणच्या टॉकीजमधून मृणाली इंटरव्हललाच उठून घरी आली होती. गच्चीवर पापड उलटायचे होते.