कलम चार: यंत्राला पाय नसल्याबाबत

ज्या गोष्टीचा माणसाला धाक वाटतो, तिच्यावर त्याने आधी एक समिती नेमावी. धाक त्याने जात नाही; पण तो इतिवृत्तात येतो, आणि इतिवृत्तातल्या गोष्टीला कुणी घाबरत नाही, कारण ती कुणी वाचतच नाही. हडपसरच्या शांतिनिवास ख्रिस्ती मंडळीने हे सत्य फार पूर्वीच ओळखलं होतं. (मंडळीच्या तेव्हा एकूण बावीस समित्या होत्या, पैकी एक समित्यांची संख्या कमी करण्यासाठी होती.)

तेविसावी नेमावी लागली ती पाळकसाहेबांच्या उपदेशामुळे. एका रविवारी त्यांनी क्षमेवर फार सुंदर उपदेश केला. वाक्यं कशी घोटून आलेली, दाखले ताजे. शेवटी टॅबलेटवर बोट सरकवत त्यांनी त्याच भरात पुढचंही वाचलं, "हवं असल्यास हाच उपदेश मी पाच मिनिटांत बसेल इतका लहान करून देऊ का?" मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!" इतकं मनापासूनचं आमेन त्या छताखाली अकरा वर्षांत उमटलं नव्हतं. उपदेश कुणी लिहिला होता हे मग सर्वांना कळलं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे ख्रिस्ती माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावं, याचा सखोल अभ्यास करायचं ठरलं. अध्यक्ष अर्थात पाळकसाहेबच झाले. विषयाचा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नव्हता.

चिटणीस म्हणून दीनानाथ रणपिसे यांचं नाव एकमताने आलं. दीनानाथ सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मसुदा लिहावा तर रणपिशांनी, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी एकदा 'सबब' लिहिलं की त्यापुढे वाद घालायची कुणाची छाती होत नसे. माणूस सरळ, वक्तशीर आणि स्वतःच्या अक्षरावर फिदा होता.

याच सुमारास त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पण त्याचा अभ्यासाशी काही संबंध नव्हता, निदान समितीचं तसं मत होतं. फेब्रुवारीत न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला सात महिने झाले. या बाईंनी एकतीस वर्षं रविवारची शाळा चालवली. मंडळीत कुणी आजारी पडलं की पेजेचा डबा घेऊन त्या हजर. आता त्यांचं एकच मागणं होतं. "अहो, चार जण येऊन खाटेपाशी बसले ना, तर बरं वाटेल मला. एखादं गीत म्हणावं. बेसूर म्हटलं तरी चालेल, सवय आहे मला."

दीनानाथांनी हे मागणं हसण्यावारी नेलं नाही. ते त्यांनी रीतसर विषयपत्रिकेवर घेतलं: विषय क्रमांक सात, आयत्या वेळचे विषय. अडचण इतकीच, की सहावा विषय चालू असताना सामोसे येत. सामोसे आल्यावर सभा पुढे चालू राहिल्याचं उदाहरण पुणे शहरात तरी नोंदलेलं नाही. आठ बैठका अशाच सुफळ झाल्या.

अभ्यास मात्र कसून झाला. कलम एक: यंत्राला आत्मा नाही. (हे चर्चेविना मंजूर.) कलम दोन: देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडवलं आणि मनुष्याने यंत्राला आपल्या, तेव्हा यंत्र देवाचा नातू लागतो काय, यावर तीन बैठका खर्ची पडून कलम राखून ठेवण्यात आलं. कलम तीन: यंत्र प्रार्थना करू शकत नाही, कारण त्याला गुडघे नाहीत. यावर ज्येष्ठ पंच शमुवेल भांबळ उठले, म्हणजे उठायचा त्यांनी प्रयत्न केला. "माझे दोन्ही गुडघे स्टीलचे आहेत. मग माझ्या प्रार्थनेचं काय?" सबब गुडघ्यांच्या जागी 'अंतःकरण' अशी दुरुस्ती झाली.

कलम चार हा अभ्यासाचा कळस होता. 'यंत्राला हात नाहीत, पाय नाहीत; सबब ते आजाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन बसू शकत नाही. ही सेवा केवळ मनुष्याची होय.' हे वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. दोघा पंचांचे डोळे पाणावले. हे निवेदन यंत्रानेच तीस सेकंदांत लिहून दिलं होतं, ही गोष्ट दीनानाथ आणि आयटीतला गंधार उजागरे, या दोघांतच राहिली. दीनानाथांनी त्यात अकरा ठिकाणी 'सबब' आणि चार ठिकाणी 'उपरोक्त' घातलं होतं, त्यामुळे ते स्वतःचंच लिखाण असल्याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती.

नवव्या बैठकीला सामोसेवाला गावी गेला होता, म्हणून सातवा विषय निघाला.

मंडळीत अंथरुणाला खिळलेले आजारी तेवीस होते आणि चालतेफिरते सभासद तीनशे बारा. गेल्या सहा महिन्यांत झालेल्या भेटी दोन. (पैकी एक चुकीच्या घरी.) न जाण्याची कारणं चिटणिसांनी वर्गवारीने मांडली: मगरपट्ट्याजवळचं ट्रॅफिक, ४१ टक्के; पार्किंग, २७; 'आजाऱ्याला उगाच त्रास कशाला', १९; उरलेले टक्के 'मी रोज मनातून जातो' या सदरात होते.

"तरुणांना वेळ नाही आणि म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत," पाळकसाहेब म्हणाले. "मार्ग काढला पाहिजे."

मार्ग गंधारने काढला. "सर, सिंपल आहे. तुमचा व्हॉइस क्लोन करू. रोज सकाळी आठ-दहाला एआय सगळ्या पेशंट्सना कॉल करेल. नावाने बोलेल, प्रेअर करेल. एकदम पर्सनल टच!"

दीनानाथांचा पेन थबकला. "पण कलम चारचं काय?"

"कलम चार भेटीबद्दल आहे," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "यंत्र भेट कुठे देतंय? ते फोन करतंय."

या युक्तिवादात दीनानाथांना चाळीस वर्षांच्या नोकरीचा सुगंध आला, आणि 'दिलासा सेवा' मंजूर झाली.

पहिल्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन येणार म्हणून सरोजिनीबाईंनी केस विंचरून घेतले होते. फोन वेळेवर आला. "सरोजिनीताई, सलाम. आम्ही सगळे तुमच्याजवळ आहोत." बाईंनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत औषधांचं टेबल आणि कॅलेंडर होतं. "पाळकसाहेब, मग येता कधी?" त्यांनी विचारलं.

इथे यंत्राने घात केला. कुणीही न शिकवता ते खरं बोललं. "मी पाळकसाहेब नाही, त्यांच्या आवाजात बोलणारं यंत्र आहे. मला येता येत नाही, माफ करा. तुमच्या घरात आत्ता कुणी आहे का? असेल तर त्यांना थोडा वेळ जवळ बसायला सांगा."

दीनानाथ बाहेरच्या खोलीत मंडळीच्या वरच्या कार्यालयाला पाठवायची निवेदनाची प्रत स्वच्छ अक्षरात उतरवत होते.

"अहो," आतून हाक आली, "हा म्हणतोय, घरात कुणी असेल तर जवळ बसा."

"एवढं चौथं कलम संपवतो आणि आलोच," दीनानाथ म्हणाले.

म्हटल्यावर त्यांना लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापण्याइतकी वाटली. पण कलम लांब होतं, आणि ते संपेपर्यंत बाईंना डोळा लागला होता.

त्या सकाळी यंत्राने तेवीसही घरांत हेच केलं. आजाऱ्यांनी सुना बोलावल्या, मुलगे बोलावले. एकाने तर ऑफिसला निघालेल्या मुलीला लिफ्टमधून परत आणलं. दुपारपर्यंत पाळकसाहेबांकडे सतरा तक्रारी आल्या, सगळ्या निरोगी माणसांच्या. समितीची तातडीची दहावी बैठक झाली. यंत्र कुटुंबसंस्थेवर आघात करतं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. गंधारला तंबी देऊन सुधारणा करवून घेण्यात आली. त्या ठरावाचा मसुदा दीनानाथांनीच लिहिला, आणि चांगला लिहिला.

दुसऱ्या दिवशी आठ-दहाला फोन वाजला. सरोजिनीबाईंनी पुन्हा विचारलं, येता कधी. यंत्र पाळकसाहेबांच्या प्रेमळ आवाजात म्हणालं, "अहो, रोज आठवण काढतो तुमची! या आठवड्यात जरा धावपळ आहे. पुढच्या आठवड्यात नक्की येतो हं."

यंत्र मनुष्यासारखं झाल्याचं समितीने त्याच दिवशी प्रमाणित केलं, आणि कलम एक फेरविचारासाठी ठेवलं.

सरोजिनीबाईंनी मात्र 'नक्की' ऐकलं होतं. त्यांनी खाटेपाशी चार खुर्च्या मांडायला लावल्या. दीनानाथांनी त्या मांडल्या, सरळ रेषेत लावल्या, पुसल्या. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि बैठकीला उशीर होतोय म्हणून निघाले.

वाचक इथे दीनानाथांवर चिडले असतील, आणि ते योग्यच आहे. ही गोष्ट वाचताना आपल्यालाही एखादं अंथरुणाला खिळलेलं माणूस आठवलं असेल. आपण ही गोष्ट त्याला पाठवालच. वर लिहालही, 'तुमची आठवण आली, येतो एकदा निवांत.'