थांबायच्या आत उतरणाऱ्या ढगे सिस्टर

ढगे सिस्टर कुठल्याही वाहनातून ते थांबायच्या आत उतरतात. रिक्षावाल्यानं ब्रेकवर नुसता पाय ठेवला, की इकडे सिस्टर रस्त्यावर, दोन पावलं पळूनही झालेली. एकदा एसटीच्या कंडक्टरनं त्यांना अक्षरशः हात जोडले होते. आमच्या गाडीला चाईल्ड लॉक लावलेला असतो. आमचा मुलगा केव्हाच नोकरीला लागला. लॉक सिस्टरसाठी आहे.

लातूरला आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून त्या एकट्या राहतात. वय अडुसष्ट. सगळी नोकरी रेणापूर तालुक्यात गेली. सायकलच्या कॅरिअरला लसींचा डबा बांधायचा आणि या गावाहून त्या गावाला जायचं. कुणी जरा रेंगाळलं की त्यांचा एक शब्द ठरलेला. मी भाजीवालीपुढे भेंडी निवडत उभा असलो की मागून येतो, "काय वो, रुतलात का?"

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. रविवारी सायकल चालवणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. मागच्या दिवाळीआधी आम्ही सायक्लोक्रॉसचं एक दिवसाचं शिबिर ठरवलं. बाराजणांनी नावं दिली. सासऱ्यांच्या रेणापूरकडच्या रानातलं सोयाबीन निघालं होतं, तीच जागा मागितली. माझी बायको वैशाली म्हणाली, "बाबांचं रान घ्या. पण एकाचं जरी हाड मोडलं, तरी तुमची सायकल भंगारात." तिचं बरोबर होतं. आदल्या वर्षी एका बांधावर आपटून मी खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं आणि दीड महिना तिच्या हातानं जेवलो होतो.

शिबिराला दोन दिवस उरले आणि पुण्याहून येणाऱ्या कोचचा फोन आला. ताप आलाय, जमणार नाही. मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. सिस्टर आल्या.

"ते सायक्लोक्रॉस म्हंजे काय असतं नेमकं?"

मी सांगितलं. चिखलातून, बांधावरून, ओढ्यातून सायकल हाणायची. अडथळा आला की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल खांद्यावर टाकून पळायचं, पलीकडे पुन्हा टांग मारायची.

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "ही तर माझी ड्यूटी व्हती की वो! याचं शिबिर घ्यावं लागतंय?"

रविवारी सकाळी त्या साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून रानात उभ्या होत्या. सोबत त्यांची जुनी, दांडीची जेन्ट्स सायकल. "लेडीज सायकल मी घेतलीच न्हाई. तिला खांद्यात अडकवायला दांडी कुठं असती?"

समोर बाराजण हेल्मेट घालून उभे. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची सायकल एका हातानं उचलली जात होती. त्यांनी विचारलं, "सिस्टर, हार्ट रेट किती ठेवायचा?"

"घड्याळात बगू नका, बांध बगा," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या चाकातली हवा सोडली. नंतर एकेकाचं चाक अंगठ्यानं दाबून बघत सगळ्यांचीच सोडली. काळ्या मातीत कडक चाक चिखल गोळा करतं, मऊ चाक तरून जातं, असं त्यांचं म्हणणं.

पहिला तास त्यांनी कुणाला सायकलवर बसू दिलं नाही. सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता, त्यावर पडायला लावलं. "हात पुढं टाकायचा न्हाई. वळकटीवानी लोळायचं." बाराजण लोळले, अंग खाजवत उठले, पुन्हा लोळले. डॉक्टरांच्या कानात भुसकट गेलं. वैशाली बांधावर बसून हे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला.

मग उतरणं. मुदखेडहून कदम सर आले होते. शाळामास्तर, अंगानं भरलेले, ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून आलेले. त्यांचा पाय सीटवरून मागं निघेचना. सिस्टर त्यांच्या सीटला धरून शेजारून पळायच्या. "सर, थांबून उतरू नका! चालू द्या! आता टाका पाय!" सातव्या खेपेला सरांनी पाय टाकला, झोकात उतरले, सायकल खांद्यावर घेतली आणि आनंदाच्या भरात पळत सरळ ओढ्यात गेले. वर आले ते हसतच. "जमलं की सिस्टर!"

दुपारपर्यंत शिबिर संपलं. एकाचंही हाड मोडलं नाही. मी देवाचे आणि सोयाबीनच्या भुसकटाचे आभार मानले.

निघताना सिस्टरांनी प्रत्येकाला आपला नंबर लिहून दिला. "घरी पोचलात की फोन करायचा. मिस कॉल दिला तरी चालतंय."

चारपर्यंत अकराजणांचे आले. कदम सरांचा नाही. त्यांना लावला तर बंद. सहाला सिस्टर आमच्याकडे येऊन खुर्चीच्या कडेला बसल्या. वैशालीनं चहा दिला, तो तसाच राहिला.

"सर ओढ्यात गेले तवा डोकं तर न्हाई ना आपटलं? मी त्यांच्या पायाकडं बगून राहिले व्हते."

नाही म्हणालो, पण मी तेव्हा फोटो काढत होतो. टेम्पोवाल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. आता मीही ते फोटो काढून एकेक बघायला लागलो.

सव्वासातला सिस्टरांचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सिस्टर, कदम बोलतोय, बायकोच्या फोनवरून. माझा ओढ्यातच भिजला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. तुमचा नंबर पँटच्या खिशात होता, आता सापडला."

"ते मरू द्या. खांदा दुखायलाय का? हात वर करा बगू."

"केला सिस्टर."

"दुसरा?"

"तोही केला."

फोन ठेवून सिस्टरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. आम्ही तिघंही उगाचच हसत सुटलो.

वैशालीनं विचारलं, "एवढं फिरायचात तुम्ही, घरी काळजी करत असतील ना?"

"ह्ये करायचे की. दारात उभं राहायचे. तवा फोन कुठं व्हता?" सिस्टर चपला शोधत म्हणाल्या. "घरात फोन आला, तवर ह्ये गेलेच व्हते."

त्या पायरी उतरल्या. वैशाली दारातून म्हणाली, "सिस्टर, पोचलात की फोन करा."

"अवं, चार घरं तर हायेत!"

"तरी करा."

दोन-तीन मिनिटांत वैशालीचा फोन वाजला. "पोचले बगा," हे मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. आता ठेवतील असं वाटलं. पण वैशाली म्हणाली, "हो का? मग?" आणि पायानं स्टूल ओढून बसली.

मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि मला येते तशी कणीक मळायला घेतली.